भाऊ असताना चंद्राला ओवाळणारी

लहान मूल माझ्यासमोर हसलं की मी आधी त्याच्या हिरड्या बघते. माझ्या सुनांना ते आवडत नाही. म्हातारी पोराचं कौतुक करायचं सोडून तोंडात काय बघत बसते, असं त्या आपापसात बोलतात आणि मला ऐकू येतं. ही खोड मला बारामतीच्या हौसाक्काकडून लागली. माफ न करणं हेही मी तिच्याकडूनच शिकले, पण ते मी सुनांना दाखवत नाही.

तीस-एकतीस सालची गोष्ट असेल. आमच्या मास्तरांची बदली बारामतीच्या शाळेत झाली आणि आम्ही कऱ्हेच्या बाजूला सोपानतात्यांच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. मध्ये अंगण, पलीकडे तात्या आणि त्यांची बायको हौसाक्का. कालव्याच्या पाण्यावर त्यांची थोडी बागायत होती. वांगी, मिरच्या, हंगामात कांदा. तात्या पिकवायचे आणि आक्का बाजारात बसून विकायची. तात्या म्हणजे अगदी गरीब गाय. दिवसभरात त्यांच्या तोंडून जे काही शब्द बाहेर पडत, त्यांतले निम्मे बैलांसाठी असत. आक्का उंच, हाडकुळी, कपाळावर आडवं कुंकू. ती ओरडून बोलत नसे. उलट आवाज खाली न्यायची, मग समोरच्याला वाकून ऐकावं लागे, आणि माणूस एकदा वाकला की ती त्याला सोडत नसे.

आम्ही राहायला गेलो त्याच दिवशी ती माझ्या कुसुमला बघायला आली. कुसुम वर्षाची झाली होती आणि तोंडात एक दात नव्हता. सासूबाई म्हणायच्या, पोर बोळकीच राहणार, हिला कोण करून घेणार. मी धास्तावले होते. आक्काने रांजणातलं पाणी घेऊन हात धुतले, पोरीला मांडीवर आडवं केलं आणि हिरडीवरून बोट फिरवलं.

"हितं टणक लागतंय. दात वाटंत हाईत. खारीक द्या चघळायला. आन् सासूला सांगा, तिचं जेवढं पडल्यात तेवढं हिचं यायचं हाईत."

दात आले. सासूबाईंना निरोप मात्र मी सांगितला नाही.

आक्का काही वैदीण नव्हती. मुळ्या उगाळणं, ताईत बांधणं हे तिला येत नव्हतं आणि जे करत त्यांचा तिला राग होता. तिला एकाच गोष्टीत रस होता. कुठल्या पोराच्या तोंडात दातांची भानगड झाली आहे आणि त्यावरून घरातलं कोण त्याच्या जिवावर उठलं आहे, एवढंच. बाजारात बसल्या बसल्या तिला सगळ्या वाड्यावस्त्यांची खबर लागत असे. त्या काळी आमच्याकडे पोराचे दात म्हणजे अर्धी कुंडलीच. खालचे आधी आले तर ठीक. वरचे आधी आले तर पोर मामाला खाणार. आणि जन्मताच दात घेऊन आलं तर बघायलाच नको. मामा भाच्याचं तोंड बघत नसे, घरात कुजबुज सुरू व्हायची, आणि मग कोणीतरी चिमट्याने दात उपटायची गोष्ट काढायचं.

एकदा पेठेतल्या एका भुसार दुकानदाराच्या घरी असं झालं. नातवाला वरचे दोन दात आधी आले. मामा भिगवणचा, चांगला धष्टपुष्ट जवान, बहिणीला भेटायला आला होता. दातांचं कळलं तसा तो समोरच्या लिंबाखाली जाऊन बसला आणि घरात पाऊल टाकेना. न्हाव्याला बोलावणं गेलं. न्हाव्याच्या आधी आक्का पोचली. भाजीची पाटी घेऊन ती थेट उंबऱ्यावर बसली.

"आत जायाचं तर माज्या अंगावरनं जा."

सवाष्ण बाईला ओलांडून कोण जाणार? न्हावी आला आणि सुटलो बुवा अशा चेहऱ्याने परत गेला. मग आक्काने लिंबाखालच्या मामाला बोलावलं. तो येईना, तेव्हा पोराला कडेवर घेऊन तीच लिंबाखाली गेली. मागे निम्मी पेठ.

"बोट घाल त्येच्या तोंडात."

"नगं, आक्का."

"घाल म्हणते न्हवं."

त्याने डोळे मिटून बोट घातलं. पोराने आपलं काम चोख केलं. मामा ओरडला, पोरं टाळ्या पिटायला लागली.

"जीव गेला का?" आक्काने खालच्या आवाजात विचारलं. "न्हाय गेला? मग भनीच्या हातचं जेवून घे, आन् पुन्यांदा असं झाडाखाली बसू नगंस."

पेठ हसत होती, मीही हसत होते. आक्का हसत नव्हती. ती त्या मामाकडे अशी बघत होती, जणू हात कुणाच्या तरी दुसऱ्याच माणसाच्या मानेवर टाकायचा होता आणि हा मधेच सापडला. तो दुसरा माणूस कोण हे मला त्या भाऊबिजेला कळलं.

मला भाऊ नाही. आईने शिकवल्याप्रमाणे मी भाऊबिजेला अंगणात उभी राहून बिजेची कोर ओवाळते. त्या दिवशी आक्का आणि तात्या पहाटेच गाडी जुंपून कुठेतरी गेले होते. दुसऱ्या दिवशी परत आल्यावर मी सहज म्हटलं, "आक्का, तुमचं बरं. तुम्हाला ओवाळायला भाऊ आहे."

"हाय की," ती म्हणाली. "कळसला ऱ्हातो. तरी म्याबी चंद्रालाच ओवाळते. त्येच्या दारात बसून."

मग तिने सांगितलं. सांगताना ती वांगी निवडत होती, किडकी एकीकडे, चांगली एकीकडे, आणि हात एकदाही थांबला नाही.

पहिलं बाळंतपण म्हणून ती माहेरी, कळसला गेली होती. मुलगा झाला. वरच्या हिरडीला एक दात घेऊनच आला. तिचा थोरला भाऊ रामराव गावातला वजनदार माणूस. उसाचं रान, दोन मोटा, दारात चार बैल. पण पोराचा दात बघून त्याची गाळण उडाली. कुणा जोशीबुवाने सांगितलं, पाचवी सरायच्या आत दात निघाला तर मामा वाचेल. पाचवीच्या दिवशी त्याने न्हाव्याला आणवलं. न्हावी नको म्हणत होता. लई कवळं हाय, महिनाभर जाऊ द्या म्हणत होता. रामरावाने ऐकलं नाही. पोराचे पाय त्याने स्वतः धरले. आक्का खाटेवरून उठली तर आईने तिला धरून ठेवलं.

दात निघाला. रक्त थांबलं नाही. कापसाचे बोळे ठेवले, हळद दाबली, तरी सकाळपर्यंत झिरपत राहिलं आणि पोर पांढरं पडून गेलं. तात्यांना निरोप पोचून ते बारामतीहून येईपर्यंत पुरूनही झालं होतं. रामरावाने गावात सांगितलं, दात घेऊन आलेलं पोर, ते राहणारच नव्हतं, दातानंच गेलं. आणि त्याच आठवड्यात तो नरसिंहपूरला गेला, आपण वाचलो म्हणून देवापुढे नारळ फोडला, आणि त्याचा प्रसाद बाळंतिणीच्या खाटेवर आणून ठेवला.

"खोबरं हुतं," आक्का म्हणाली. "माज्या हातावर ठिवलं त्येनं. खा म्हणला."

त्यानंतर तिची कूस उजवली नाही. बरीच वर्षं तिला वाटत राहिलं की खरंच दातात काही असेल. मग एकदा तात्यांच्या पायाला कुऱ्हाड लागली म्हणून ती त्यांना दवाखान्यात घेऊन गेली आणि तिथल्या डॉक्टरला तिने हे विचारलं. पहिल्या आठवड्यात बाळाचं रक्त लवकर थांबत नाही, त्या दिवसांत दात उपटायचा नसतो, डॉक्टर म्हणाला. दात फार हलत असेल तर पुढे आम्ही काढतो, नाहीतर राहू देतो, त्याने कुणाचं काही बिघडत नाही. एवढं ऐकून ती घरी आली आणि त्या वर्षीपासून तिने भाऊबिजेची कळसची वारी सुरू केली. तोपर्यंत ती माहेरी पाऊल टाकत नव्हती.

वारी कसली, सूडच तो. पहाटे गाडी जुंपायची, दुपार कलता कलता कळस गाठायचं. ताम्हन, निरांजन, सुपारी, अक्षता, सगळं बरोबर. रामरावाच्या फाटकाबाहेर घोंगडी टाकून बसायचं. आत पाय ठेवायचा नाही, घरचं पाणी प्यायचं नाही. पहिल्या वर्षी रामराव ओवाळून घ्यायला टोपी घालून बाहेर आला, तेव्हा ती म्हणाली, "आधी समद्या गावाला सांग, माजं पोर कशानं मेलं. मंग बग." तो आत गेला. सूर्य बुडाला, कोर दिसली, तिने त्याच्या देखत निरांजन लावलं आणि पाठ त्याच्याकडे करून चंद्राला ओवाळलं. तशीच गाडीत बसून निघाली. पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्या वर्षी तेच.

ज्याला दातांची भीती त्याला न ओवाळल्याची भीती वाटणारच. बहिणीने ओवाळलं नाही की भावाचं आयुष्य तुटतं, हे रामरावाला लहानपणापासून माहीत होतं. त्याने दंडाला ताईत बांधले, गळ्यात बांधले. दिवाळी जवळ आली की त्याला म्हणे ताप भरायचा. हे आक्काला कुणीतरी बाजारात सांगितलं, त्या दिवशी तिने त्या बाईला मूठभर मिरच्या जास्त घातल्या. "कळसचा माणूस वाळत चाललाय म्हणं," ती मला म्हणाली. रामरावाला भाऊ म्हणताना मी तिला कधी ऐकलं नाही. मला हे सगळं ऐकून वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगते, मला बरं वाटलं.

कुसुम शाळेत जायला लागली त्या वर्षीची दिवाळी. वसुबारसेच्या आसपास रामरावाची मुलगी तारा पोर उराशी धरून आक्काकडे आली. तिला बारामतीजवळच्याच वाडीत दिलं होतं. आत्याकडे यायची तिला बंदी होती, तरी आली. तिच्या मुलाला वरचे दात आधी आले होते. आणि त्याचा मामा म्हणजे रामरावाचा एकुलता एक मुलगा, विष्णू.

"आत्या, आबांचा सांगावा आलाय. दात काढून टाका म्हणत्यात. न्हायतर माहेर तुटलं समज म्हणत्यात." तिला रडू आवरेना. "सासरची मानसं म्हणत्यात, तुमचं तुमी बगा."

आक्काने हात धुतले, पोराला मांडीवर घेतलं, ओठ वर करून ते दोन दात बघितले. बराच वेळ बघितले. मग ती हसली. इतक्या वर्षांत मी तिला हसताना पहिल्यांदा बघत होते आणि मला ते हसू बघवलं नाही.

"भाऊबिजंला ह्येला कळसला न्यायाचं," ती म्हणाली.

"पोराला काही होणार नाही ना, आक्का?" मी विचारलं.

"पोराला काय हुतंय? मास्तरीणबाई, तुमी बी चला. तुमाला न्हायतरी भाऊ न्हाय."

मी गेले. कुसुमला मास्तरांकडे ठेवलं. तात्या गाडी हाकत होते, मी, आक्का, तारा आणि मांडीवर ते पोर. सगळ्या रस्त्यात ते खिदळत होतं. कळसला पोचलो तेव्हा फाटकाबाहेर दहाएक माणसं आधीच जमली होती. दरवर्षीचा कार्यक्रम त्यांच्या अंगवळणी पडला होता. रामराव ओसरीवर खांबाला टेकून बसला होता. अंगाने अजून आडवा होता, पण चेहरा राखेसारखा. विष्णू शेजारी उभा. मिसरूड फुटलेला, गोड चेहऱ्याचा पोरगा. आत्या दारात येते आणि चंद्राला ओवाळते, यापलीकडे त्याला कुणी काही सांगितलेलं नसावं.

त्या दिवशी आक्काने घोंगडी टाकली नाही. पोर कडेवर घेऊन ती फाटकातून सरळ आत गेली, ओसरी चढली आणि पोर विष्णूच्या हातात दिलं.

"घे. तुजा भाचा."

रामराव ताडकन उठला. "ते पोर खाली ठिव, इष्ण्या."

"का?" आक्काने विचारलं. आवाज खाली. सगळी माणसं फाटकातून आत सरकली. "दात मामाला खात्यात का?"

"खात्यात."

"मंग बलीव न्हाव्याला. आता, ह्या समद्यांसमोर. आन् पाय तू धर. माज्या लेकराचं धरलं हुतंस तसं."

न्हाव्याला बोलवायला कुणी गेलं नाही. तारा खांबाआड तोंडात पदर घालून उभी होती.

"आबा," विष्णू म्हणाला, "कुणाचं पाय धरलं हुतं?"

आक्का रामरावाकडेच बघून बोलली. "दात खात असतील तर धर पाय. न्हाय तर तुजा ल्योक मरंल. आन् खात नसतील, तर सांग ह्या मानसांस्नी, माजं पोर कशानं मेलं."

मी त्या माणसाकडे बघत होते. इकडे आड, तिकडे विहीर अशी त्याची गत तिने करून ठेवली होती आणि त्याला ते पुरतं कळलं होतं. तो मुलाकडे बघायचा, मुलाच्या हातातल्या पोराकडे बघायचा. पोर विष्णूच्या सदऱ्याची गुंडी ओढत होतं. "खाली ठिव म्हणतोय न्हवं," रामराव पुन्हा म्हणाला, पण आता त्यात जोर नव्हता.

"न्हाय ठिवनार, आबा," विष्णू म्हणाला.

तेव्हा रामराव खाली बसला. "दातानं न्हाय मेलं," तो म्हणाला. "रगत थांबलं न्हाय. न्हावी नगं म्हणत हुता. म्या धरलं."

"मागच्या मानसांस्नी ऐकू गेलं न्हाय."

त्याने पुन्हा सांगितलं, मोठ्याने. त्याची बायको दारात येऊन उभी होती, ती आत निघून गेली.

"आन् नरसिंव्हपुराला नारळ कशापायी फोडलास?"

"जीव वाचला म्हणून."

"कुणाचा?"

"माजा."

 बाहेर ऊन उतरलं होतं, पश्चिमेला कोर दिसायला लागली होती. रामरावाने स्वतःच पाट ओढून घेतला, डोक्यावरची टोपी सारखी केली, पाटावर बसला आणि हात जोडले. "हौसा, आता तरी ववाळ."

माझ्या मनात आलं, झालं, आता ही विरघळणार. जमलेल्या बायांच्या डोळ्यांतही पाणी होतं.

"म्या बोल म्हणले हुते," आक्का म्हणाली. "ववाळते म्हणले न्हवते."

तिने ताम्हन ताराच्या हातात दिलं. "तुज्या भावाला ववाळ. पोराला मांडीवर घिऊनच बसू दे त्येला." आणि ती ओसरी उतरून गाडीकडे आली. निघताना मी मागे बघितलं. विष्णूपुढे निरांजन फिरत होतं, आणि बापाला पाटावरून उठ म्हणायचं कुणालाच सुचत नव्हतं.

गाडीत ती रडेल असं मला वाटलं होतं. तिने शिदोरी सोडली, भाकरी आणि ठेचा चवीने खाल्ला, मलाही आग्रह करून वाढला, आणि चाकोरीत बैल जपून हाकायला तात्यांना सांगितलं. ताराचं पोर पुढे चांगलं वाढलं, ते दात यथावकाश पडले, दुसरे आले. विष्णूला काही झालं नाही. वर्षातून चार-दोनदा तो भाच्याला खांद्यावर बसवून आक्काकडे यायचा आणि ती दोघांनाही जेवू घालायची. रामरावाकडून मात्र दर भाऊबिजेला बोलावणं यायचं आणि तसंच परत जायचं. ती आता कळसला जात नसे. माझ्या शेजारी अंगणात उभी राहून चंद्राला ओवाळायची. झालं गेलं विसरून जा, असं तिला पुष्कळ जणांनी सांगितलं. मी कधी सांगितलं नाही.

पुढे एका थंडीत तिला तापाने धरलं आणि सोडलं नाही. शेवटच्या दिवसांत एका दुपारी तिने मला जवळ बोलावलं. "मास्तरीणबाई, म्या गेले की कळसचं लुगडं ईल. अंगावर पडू देऊ नगा."

सवाष्ण गेली की माहेरचं लुगडं तिच्या अंगावर घालतात. ते आल्याशिवाय बाईला उचलतसुद्धा नाहीत. मी तिला शब्द दिला.

रामराव विष्णूबरोबर आला तो हिरवं लुगडं हातावर घेऊनच. मी दारात उभी राहिले आणि तिने काय सांगून ठेवलंय ते त्याला सांगितलं.

"बाई, म्या समद्या गावासमोर बोललो की," तो म्हणाला.

"हो. मी होते तिथे. ऐकलंय मी."

तो रडायला लागला. मला त्याची दया आली नाही. आज मी त्याच्यापेक्षा म्हातारी झाले, तरी येत नाही. तोंड तरी बघू दे म्हणाला. त्याबद्दल तिने मला काही सांगितलं नव्हतं, म्हणून मी बाजूला झाले. आक्का तात्यांनी बाजारातून आणलेल्या जांभळ्या लुगड्यात होती, हनुवटी फडक्याने बांधलेली, कपाळावर मळवट. तो पायथ्याशी उभा राहिला. लुगडं घडीचं तसंच त्याच्या हातावर होतं.

तिरडी उचलायला माणसं वाकली तेवढ्यात तो पुढे झाला आणि त्याने ते लुगडं तिच्या पायांवर टाकलं. मी गर्दीत मागे पडले होते, मला पोचता येईना. कुणीतरी म्हणालं, असू द्या आता, माहेरचं हाय. माणसांनी मान डोलावली.

तेव्हा तात्या पुढे आले. त्यांनी ते लुगडं उचललं, त्यावरच्या फुलांच्या दोन पाकळ्या झटकल्या, नीट घडी घातली आणि मेहुण्याच्या हातात परत दिलं.

"माजं बी ल्येकरू हुतं ते," तात्या म्हणाले, आणि मडकं उचलून पुढे चालायला लागले.